न्यूयॉर्क किती तास?

लेक किंवा लेक-जावई न्यू जर्सीत आणि आई-वडील त्यांच्याकडे निघालेत, ही बातमी सोसायटीत फुटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "किती तास लागतात हो?" व्हिसा कसा मिळाला, तिकडे थंडी किती, भाजणीचं पीठ कस्टमवाले सोडतात का, हे सगळं नंतर. आधी तास. गंमत म्हणजे विचारणाऱ्याला उत्तर नकोच असतं. त्याच्याकडे स्वतःचा आकडा तयार असतो. भाचा दुबईमार्गे बावीस तासांत गेलेला असतो, साडू फ्रँकफर्टला अडकून तीस तासांनी पोचलेला असतो, आणि तुमचा आकडा ऐकल्याबरोबर त्याला हा आकडा पुढे करायचा असतो. जाणाऱ्याचीही तऱ्हा तीच. अमेरिकेतला मुलगा फोनवर म्हणतो, "फक्त सोळा तास गं आई, झोपलीस की आलीस." तीच आई परत आली की शेजारणीला सांगते, "दोन दिवस मोडले माझे." एकाच प्रवासाचे हे इतके आकडे, आणि कुणीही खोटं बोलत नाही. कारण मुंबई ते न्यूयॉर्क किती तास, या प्रश्नाला भूगोलाचं उत्तर एक आहे, वाऱ्याचं दुसरं, तिकिटाचं तिसरं, विमान कंपनीचं चौथं आणि ज्याला कंबर आहे त्या प्रवाशाचं पाचवं. माझं म्हणणं एवढंच, की या पाचांतलं पाचवं सोडलं तर एकही उत्तर माणसाच्या कामाचं नाही. ते कसं, हे क्रमाने पाहू.

भूगोलापासून सुरुवात करू, कारण त्यात आपण बहुतेक सगळे काठावर पास झालेले. मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे १२,५३० किलोमीटर आहे. भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर पट्टी ठेवून ही दोन शहरं जोडली, तर रेघ ओमान, सौदी अरेबिया, इजिप्त, लिबिया, अल्जीरिया करत मोरोक्कोपाशी अटलांटिकमध्ये उतरते. कुणीही शहाणा माणूस म्हणेल की विमानाने असंच नाकासमोर जावं. पण या नाकासमोरच्या रेघेने गेलं तर सुमारे १४,२०० किलोमीटर पडतात. जवळजवळ १,७०० किलोमीटर जास्त, म्हणजे मुंबई-दिल्ली हवाई अंतराच्या दीडपट भुर्दंड. खात्री करायची असेल तर मुलांचा पृथ्वीगोल घ्या, दोऱ्याचं एक टोक मुंबईवर धरा आणि दुसरं न्यूयॉर्कवर ताणून बसवा. दोरा मुंबईहून जो वर चढतो तो पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान ओलांडून रशियात शिरतो, सेंट पीटर्सबर्गच्या बाजूने नॉर्वे गाठतो, आइसलँडवरून जातो, ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाला चाटून मग कॅनडावरून खाली उतरतो. दोष पृथ्वीचा नाही, तिला सपाट करून भिंतीवर टांगणाऱ्याचा आहे. पण नकाशावर वाढलेल्या माणसाला हे विमानात कसं पटावं? समोरच्या पडद्यावर विमानाचं नाक उत्तरेकडे पाहिलं की जोडप्यांत हटकून हा संवाद होतो. "अहो, अमेरिका डावीकडे ना? मग हा वर कुठे चाललाय?" "पायलटला माहीत असेल." "माहीत असतं तर वर कशाला गेला असता?"

पृथ्वीगोलावर दोरा ताणायला कुणाची परवानगी लागत नाही, विमानाला लागते. २०२२ साली रशियाने युक्रेनवर हल्ला केला, आणि त्यानंतर युरोप-अमेरिकेच्या विमान कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली आणि भारतानेही तसंच उलट उत्तर दिलं. दिल्लीहून अमेरिकेला जाणारी काही विमानं मग लांबच्या वाटेमुळे इंधन भरायला व्हिएन्नात उतरू लागली. एका कंपनीचं विमान एका वाटेने, दुसरीचं दुसऱ्या वाटेने, आणि शहरं तीच दोन. तेव्हा भूगोल देतो ते अंतर खरं असलं, तरी ते कापायचं कुठून हे भूगोलाच्या हातात नाही. १२,५३० हा आकडा पाठ करून सोसायटीत टाळ्या मिळतील. विमानतळावर त्याचा काही उपयोग नाही.

इथे कुणीतरी विज्ञाननिष्ठ काका हात वर करतात. प्रत्येक सोसायटीत ते असतातच. "पृथ्वी स्वतःभोवती फिरते ना? मग विमान सरळ वर न्यायचं आणि थांबवायचं. खाली अमेरिका आली की उतरवायचं. इंधन कशाला जाळता?" हसण्याआधी हिशोब करून बघण्याजोगी ही सूचना आहे. मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे पळते, आणि प्रवासी विमान ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास. म्हणजे काकांची योजना फायद्याचीच म्हणायची. अडचण अशी, की हवाही पृथ्वीबरोबर फिरते आणि धावपट्टीवरून सुटलेलं विमानही तो वेग अंगात घेऊनच वर जातं. धावत्या लोकलमध्ये उडी मारली म्हणून कुणी मागच्या डब्यात जाऊन पडत नाही. तसं होत असतं तर विरारकरांनी ती सोय केव्हाच वापरली असती. आणि समजा निसर्गाने काकांसाठी अपवाद केला, तरी विमान थांबणार मुंबईच्याच अक्षांशावर. त्या रेघेवर अरबस्तान, सुदान, सगळा सहारा पायाखालून सरकून साधारण नऊ तास चाळीस मिनिटांनी खाली येईल ती हैती. न्यूयॉर्क तिथून सुमारे २,४०० किलोमीटर उत्तरेला. यावर काकांचं उत्तर ठरलेलं आहे : "तिथून ट्रेन असेल की." हैती बेटावर आहे हे त्यांना सांगण्यात अर्थ नाही.

पृथ्वीच्या फिरण्याने थेट काही मिळत नसलं तरी वाऱ्याच्या रूपाने ती आपला वाटा घेतेच. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार झोत वाहतात. हिवाळ्यात अटलांटिकवर त्यांचा वेग कधी कधी ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो. हे झोत मोजून काढणाऱ्यांत पहिलं नाव जपानच्या वासाबुरो ओइशी यांचं. १९२० च्या दशकात त्यांनी तातेनो इथल्या वेधशाळेतून फुगे सोडून हा वारा पद्धतशीर मोजला आणि १९२६ साली अहवाल छापला. साऱ्या जगाला वाचता यावा म्हणून तो त्यांनी एस्परांटो या जागतिक भाषेत लिहिला, आणि त्यामुळेच तो जगात जवळपास कुणी वाचला नाही. १९४४ साली अमेरिकेची बॉम्बफेकी विमानं जपानवर गेली, तेव्हा त्यांच्या वैमानिकांना हा वारा स्वतःच्या अंगावर घेऊन नव्याने शोधावा लागला. आज अटलांटिकवरचे हवाई रस्ते रोज वारा बघून नव्याने आखले जातात. न्यूयॉर्कला जाताना वारा तोंडावर, येताना पाठीवर. म्हणून जाताना साधारण सोळा तास आणि येताना साडेचौदा. फेब्रुवारी २०२० मध्ये एका वादळाच्या पाठबळावर ब्रिटिश एअरवेजचं विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोचलं. त्यात कंपनीची कर्तबगारी किती आणि वादळाची किती, हे वादळ सांगायला आलं नाही.

यावर व्यवहारी मंडळींचा आक्षेप असा : "जाताना गेले ते येताना मिळाले. फिटंफाट." ऐकायला रास्त वाटतं, पण गणित करा. ताशी ९०० किलोमीटर वेगाचं विमान घ्या आणि वारा ताशी १०० चा धरा. वारा नसेल तर १२,५३० किलोमीटरच्या दोन्ही फेऱ्या मिळून सुमारे सत्तावीस तास एकावन्न मिनिटं. वारा असेल तर जाताना ८०० चा वेग, म्हणजे पंधरा तास चाळीस मिनिटं, आणि येताना १,००० चा, म्हणजे बारा तास बत्तीस मिनिटं. बेरीज अठ्ठावीस तास बारा मिनिटं. वीसेक मिनिटं गेली ती गेलीच. कारण उघड आहे, तोंडावरचा वारा जास्त वेळ सोसावा लागतो आणि पाठीवरचा कमी वेळ लाभतो. वाऱ्याला दिलेलं उसनं पूर्ण परत येत नाही, ते नातेवाइकांना दिलेल्यासारखंच. त्यातून हा वारा रोज बदलतो, तेव्हा वाऱ्याचं उत्तरही त्या दिवसापुरतंच.

तिसरं उत्तर तिकिटाचं, आणि ते सगळ्यांत बिलंदर. समजा हिवाळा आहे. विमान मुंबईहून रात्री दीडला सुटतं आणि न्यूयॉर्कला सकाळी सातला उतरतं. तारीखही तीच. तिकीट हातात धरून मावशी म्हणतात, "साडेपाच तास? मग कोकण रेल्वेने माहेरी जायला मला का एवढा वेळ लागतो?" परतीचं विमान रात्री नऊला निघतं आणि दुसऱ्या दिवशी रात्री दहाला मुंबईत. पंचवीस तास! आता मावशी घाबरतात. जाताना साडेपाच आणि येताना पंचवीस, म्हणजे वाटेत काहीतरी मोठा घोटाळा आहे, असं त्यांचं मत पक्कं होतं. घोटाळा साडेदहा तासांच्या फरकाचा आहे. एकदा तो वजा होतो, एकदा मिळवला जातो. दोन्ही आकडे साफ खोटे, पण त्यांची बेरीज करा, साडेतीस. खरे सोळा आणि साडेचौदा मिळवा, तेही साडेतीसच. दोन खोटी साक्ष देणारे एकत्र आणले की खरं बाहेर पडतं, असा हा दुर्मिळ खटला आहे. त्यात अमेरिकन लोक मार्चमध्ये घड्याळ तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरमध्ये मागे, त्यामुळे फरक कधी साडेनऊ, कधी साडेदहा. त्यांना नावं ठेवायचा अधिकार मात्र मुंबईला नाही. भारताची प्रमाणवेळ १९०६ मध्ये लागू झाल्यावरही या शहराने कित्येक दशकं ३९ मिनिटं मागे असलेली स्वतःची 'मुंबई वेळ' हट्टाने चालवली. ती आज असती तर हिवाळ्यात हा फरक नऊ तास एकावन्न मिनिटांचा झाला असता, आणि मावशींनी बोटं मोजणं सोडून दिलं असतं.

चौथं उत्तर कंपनीचं. कंपनी प्रवासाचा वेळ विमान जागचं हललं तिथपासून ते पलीकडे जागेवर थांबेपर्यंत मोजते. म्हणजे मुंबईत धावपट्टीच्या रांगेत ताटकळणं आणि न्यूयॉर्कला जागा मिळेपर्यंत उभं राहणं, दोन्ही 'उड्डाणा'तच जमा. शिवाय त्यात थोडा ऐसपैस वेळ आधीच मिसळलेला असतो. मुंबई ते नागपूर हवाई अंतर सातशे किलोमीटरही नाही, पण वेळापत्रक दीड तासाच्या आसपास सांगतं, ते उगीच नाही. शिवाय पंधरा मिनिटांपर्यंतचा उशीर हा उशीर धरत नाहीत, असा या धंद्याचा शिरस्ता आहे. परिणाम असा, की विमान उतरल्यावर घोषणा होते, "आपण नियोजित वेळेच्या वीस मिनिटं आधी पोचलो आहोत", आणि प्रवासी एकमेकांकडे असे अभिमानाने पाहतात की जणू त्यांनीच वल्ही मारली. मग ती वीस मिनिटं, आणि वर आणखी दहा, सगळे डोक्यावरच्या कप्प्याखाली मान वाकडी करून दार उघडण्याची वाट बघत उभे राहतात. दार उघडल्यावरही पुढच्या रांगा रिकाम्या झाल्याशिवाय हलता येत नाही, हे सर्वांना ठाऊक असतं. तरी उठतात.

आता शेवटचा आणि सगळ्यांत वजनदार आक्षेप प्रगतिवाद्यांचा. "अहो, विज्ञान एवढं पुढे गेलं. आज सोळा तास, उद्या आठ होतील. कशाला कुरकुर करता?" होतील तेव्हा होवोत. आजवरचा पुरावा काय सांगतो? एअर इंडियाने १९६० साली बोइंग ७०७ ने न्यूयॉर्कची सेवा सुरू केली. ते विमान जवळजवळ त्याच वेगाने उडत होतं ज्या वेगाने आजची विमानं उडतात. ध्वनीच्या वेगाजवळ गेलं की हवेचा विरोध एकदम वाढतो आणि इंधन भसाभस जळतं, म्हणून सगळ्या कंपन्या त्या उंबऱ्याच्या अलीकडेच थांबतात. उंबरा ओलांडणारं काँकॉर्ड १९७६ पासून प्रवासी नेत होतं. लंडन ते न्यूयॉर्क साडेतीन तासांत. पण इंधनाचा खर्च अफाट, स्फोटासारख्या आवाजामुळे जमिनीवरच्या लोकांची ओरड, आणि एका दमात पल्ला साधारण सात हजार किलोमीटरच. मुंबई-न्यूयॉर्क त्याला एका उड्डाणात जमलंच नसतं. २००३ मध्ये ते निवृत्त झालं. साठ वर्षांत वेग वाढला नाही, फक्त वाटेतले थांबे गेले. एअर इंडियाची मुंबई-न्यूयॉर्क थेट सेवा २००७ साली सुरू झाली, आणि तिची बढाई आपण 'डायरेक्ट' या एका शब्दात मारतो. पण जुन्या प्रवाशाला वाटेत उतरून पाय मोकळे करता येत. आता ते पाय सोळा तास पुढच्या सीटला टेकून असतात. आणि प्रगती अगदीच झाली नाही असं नाही. बोइंग ७७७ मध्ये जिथे एका रांगेत नऊ सीट असत, तिथे पुष्कळ कंपन्यांनी त्याच रुंदीत दहा बसवल्या.

आणि इथे पाचवं उत्तर येतं, कंबरेचं. ते कळायला समोरच्या सीटच्या पाठीवरचा पडदा बघावा. त्यावर गुजरातएवढं मोठं पांढरं विमान नकाशावर बसलेलं असतं. बाजूला आकडे असतात : उंची १०,६६८ मीटर, बाहेर उणे ५४ अंश, उरलेला वेळ नऊ तास बारा मिनिटं. माणूस डोळे मिटतो. स्वप्न पडतं, स्वप्नात न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये मराठी मंडळाचा हळदीकुंकवाचा कार्यक्रम होऊन जातो, मानेला रग लागते म्हणून जाग येते. नऊ तास चार मिनिटं. डावीकडचा झोपलाय आणि त्याचं डोकं हळूहळू आपल्या खांद्याच्या दिशेने येतंय. उजवीकडच्याला दर तासाला उठायचंय. दोन्ही हातांच्या टेकूंवर परकीय सत्ता आहे. त्या क्षणी मधल्या सीटवरच्या माणसाला विचारा, वारा किती, अक्षांश कोणता. तो तुम्हाला फक्त उरलेली मिनिटं सांगेल.

कंबर आणखी एक गोष्ट मोजते, जी बाकीचे चौघे मोजत नाहीत, ती म्हणजे जमीन. पुण्यात कोथरूडला राहणाऱ्या जोडप्याचा हिशोब मांडू. द्रुतगती मार्गावर घाटात काय होईल याचा भरवसा नाही, म्हणून मुंबई विमानतळापर्यंत पाच तास. विमानापूर्वी तीन तास हजर. विमान सोळा तास. पलीकडे पासपोर्टची रांग, बॅगा, भाजणीच्या पिठाबद्दलची चौकशी, दोन तास. तिथून एडिसनला लेकीच्या घरी, न्यूयॉर्कची वाहतूक धरून, आणखी दोन. एकूण अठ्ठावीस. आता नीट बघा : हवेत सोळा तासांत साडेबारा हजार किलोमीटर, आणि जमिनीवर बारा तासांत जेमतेम सव्वादोनशे. ताशी जेमतेम एकोणीस किलोमीटर! हा वेग सायकलचा आहे. रशियाने आकाश उघडलं, वारा पाठीशी आला, घड्याळं जुळली, तरी या बारा तासांतलं एक मिनिट कमी होणार नाही. ज्या प्रवासात निम्म्याजवळ वेळ कोथरूड, खंडाळा आणि रांगांमध्ये जातो, त्याला 'हवाई' म्हणणं हेच मुळात धाडस आहे.

तेव्हा यापुढे कुणी विचारलं, "न्यूयॉर्क किती तास?" तर मुंबईकराने चोवीस सांगावं आणि पुणेकराने अठ्ठावीस. ऐकणारा लगेच "आमच्या भाच्याला तर…" म्हणून सुरू करेल. करू द्यावं, त्याचा तो हक्क आहे. आणि स्वतःचं तिकीट काढताना दीड तास वाचवणारं विमान शोधत बसू नका. तेवढ्याच पैशांत कडेची सीट मिळते का, ते आधी बघा.